चंद्रावतीनगरची फेरी

“झालं की. उतरव आता भिताडावरनं,” तात्या म्हणाले.

मी ब्रश हातात धरून नकाशाकडे पाहिलं. उजवीकडची बाग हिरवी झाली होती, रस्ते पिवळे झाले होते, टाकसाळीवर विटकरी रंग चढला होता. मधल्या राजरस्त्याच्या डावीकडे मात्र ब्रश लागलाच नव्हता. अर्धं शहर अजून नुसत्या रेघांचं होतं.

“अजून अर्धं राहिलंय, तात्या.”

“कुठं राहिलंय? पार कडंपतोर रंगवलंयस.” त्यांनी उजव्या हाताने हवेतल्या हवेत नकाशाची चौकट आखून दाखवली. ती चौकट राजरस्त्यापाशी संपली. “झ्याक झालंय. चौगुल्यांस्नी दिऊन टाक.”

त्यांच्या डाव्या अंगाला, खाटेला लागून, आई मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“त्यास्नी अर्धं म्हंजीच सगळं वाटतंय,” ती म्हणाली. “भाकरीचं तसंच, आन् माणसांचंबी तसंच.”

तात्या उजवीकडच्या भिंतीकडे बघायला लागले. “तुझी आई बोलली न्हवं? चुलीपाशी हाय का?”

आई त्यांच्या कोपराला टेकून बसली होती. मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली.

माझे वडील, केरबा लोखंडे, एसटीचे ड्रायव्हर. उभा जन्म सांगली डेपोत गेला. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात घातलेला हार खुंटीवर वाळत होता, तेवढ्यात त्यांना झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, ते आम्हाला समजण्यासारखं होतं. न समजण्यासारखं होतं ते निराळंच. डोळे धड असून त्यांच्यापुरती जगाची डावी बाजूच नाहीशी झाली. ताटातली उजवीकडची अर्धी भाकरी खाऊन ते “अजून वाढ” म्हणायचे. ताट नुसतं फिरवून दिलं की उरलेली अर्धी नवी समजून मिटक्या मारत खायचे. दाढी फक्त उजव्या गालाची करायचे आणि आरशात बघून खूश व्हायचे.

मिरजेच्या दवाखान्यातून व्यायामाच्या बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, “खाटेची उजवी बाजू भिंतीला लावा. बसायचं, बोलायचं, भरवायचं, सगळं डावीकडून. मेंदूला शोधायला लावलं पाहिजे, नाहीतर तो आळशी होईल.”

आईने ते देवाच्या आज्ञेसारखं मानलं. त्या दिवसापासून ती डावीकडे बसली आणि त्या दिवसापासून तात्यांना दिसायची बंद झाली. आवाज ऐकू यायचा, पण तो चुलीकडून येतोय असं त्यांना वाटायचं. तिने अंग पुसलं, पाठ चोळली, तरी ते मलाच हाक मारायचे, “मंजे, जरा दमानं.” मी समोर नकाशापाशी, जरा उजवीकडे असायची, म्हणून मी दिसायची.

एकदा मी तिला हाताला धरून ओढलं. “नुसती दोन पावलं पुढं ये गं. माझ्याजवळ उभी राहा, दिसशील त्यांना.”

तिने हात सोडवून घेतला. “जलमभर मीच त्यांच्या पुढ्यात जाऊन हुबी ऱ्हायली. आता त्यांनी मान वळवावी.”

“अगं, ते मुद्दाम करत नाहीत. आजार आहे तो.”

“आजार सगळ्यांसाठी आन् इसर माझा एकटीचाच? त्या दिवशी सकाळी मी म्हणलं हुतं, घरात बसून माझं डोस्कं खाऊ नगासा, जावा कुठंतरी. गेले. डेपोत जाऊन पडले. त्योच शबुद धरून बसल्यात.”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच होतं ते. मी परोपरीने सांगितलं. पण ज्याच्या तोंडून शब्द गेलेला असतो त्याला कावळ्याची गोष्ट पटत नाही.

नकाशा घरात आला त्याचं कारण माझी नोकरी. चौगुलेकाकांचं सांगलीत चौकटी करायचं दुकान होतं, आणि जुन्या नकाशांच्या प्रती छापून विकायचा त्यांना नाद होता. नवाकोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, मग त्यावर छापायचं आणि हाताने रंग भरायचे. नव्याला म्हातारं करायचा धंदा. हॉटेलवाले, वकील, दातांचे डॉक्टर असे नकाशे भिंतीवर लावायला घेऊन जायचे. कुठल्या गावाचा नकाशा आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे, सोफ्याच्या रंगाला शोभला म्हणजे झालं. मी चित्रकलेची परीक्षा दिलेली असल्यामुळे रंगाचं काम माझ्याकडे होतं, आणि तात्या आजारी पडल्यावर काकांनी ते घरी न्यायला परवानगी दिली.

सगळ्यात जास्त खपायचा तो चंद्रावतीनगरचा नकाशा. मांडवगिरी नावाच्या एका चिमुकल्या संस्थानच्या राजाला आपल्या राणीच्या नावाने नवी राजधानी वसवायची हौस आली होती. त्याने साहेब इंजिनिअरकडून शहर आखून घेतलं. कागद मधोमध दुमडून आखल्यासारखं शहर होतं ते. राजरस्त्याच्या उजवीकडे बाग, तशीच डावीकडे. उजवीकडे गोल चौक, तसाच डावीकडे. पुढे दुष्काळ पडला, राजा गेला, आणि शहर कागदावरच राहिलं. तेवढं मात्र सुरेख राहिलं. या वेळची प्रत चांगली पुरुषभर लांब होती, कोल्हापूरच्या एका नव्या हॉटेलच्या दर्शनी भिंतीसाठी. आमच्या घरात ती मावेल अशी एकच भिंत होती, तात्यांच्या खाटेसमोरची.

“कुठलं गाव म्हणलीस?” त्यांनी विचारलं होतं, मी ती टाचली त्या दिवशी.

मी सांगितलं.

“मांडवगिरीचा माळ? त्या माळावरनं मी गाडी नेलीया की. मेंढरं सोडून काय न्हाई तितं.”

“झालंच नाही ते गाव, तात्या. नुसतं आखलं.”

“म्हंजी रस्तं रिकामंच?”

“अगदी रिकामे.”

तात्यांचा चेहरा असा उजळला की मला ब्रश खाली ठेवावा लागला. आयुष्यभर बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि वराती चुकवत गाडी हाणलेल्या माणसाला रिकामे रस्ते म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

“चल,” ते म्हणाले, “एक फेरी मारू.”

त्यांचा उजवा हात चादरीवर उठला आणि अदृश्य स्टिअरिंगवर बसला. मी पाण्याच्या ग्लासवर ब्रशच्या दांड्याने दोनदा टिंगटिंग केलं. डबल बेल मिळाल्याशिवाय एसटीचा ड्रायव्हर हलत नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. गाडी निघाली.

ती दुपार आणि तिच्यानंतरच्या दुपारी मला अजून स्वप्नात बघितल्यासारख्या आठवतात. पत्र्यावर ऊन तापलेलं असायचं, खोलीत चहात भिजलेल्या कागदाचा गोडसर वास असायचा, आणि आम्ही दोघं कधीच न झालेल्या शहरातून चाललेलो असायचो. मी रंगवेन तसे रस्ते मोकळे व्हायचे. मी झाडं हिरवी केली की तात्या म्हणायचे, “हितं सावली हाय, जरा इंजान गार हुऊ दे.” दरबारच्या इमारतीपाशी ते हॉर्न वाजवायचे नाहीत, कारण राजा दुपारचा झोपलेला असणार. गाडीत कोण कोण आहे ते विचारायचे आणि मी सांगायची. कोंबडी झाकून आणलेली एक म्हातारी, परीक्षेला निघालेल्या दोन पोरी, सनईवाले. कोंबडीचं अर्धं तिकीट घेतलंस का, असं ते मला दरडावून विचारायचे.

“येडा बाप आन् येडी लेक,” आई डावीकडून म्हणायची.

“आवाज आला बग तुझ्या आईचा,” तात्या म्हणायचे. “चा टाकतीया वाटतं.”

आता माझं स्वतःचं दुकान आहे. रंग भरायला माणूस लागत नाही, यंत्र सगळं छापून देतं. चंद्रावतीनगर अजूनही खपतं. एखादं गिऱ्हाईक विचारतं, “बाई, हे शहर तुम्ही पाहिलंय का?” मी हो म्हणून सांगते.

पण त्या शहरात एक खोट होती, ती माझ्या हळूहळू लक्षात आली. तात्या फक्त उजवीकडेच वळायचे. स्टँडवरून निघायचं, बागेपाशी उजवीकडे, टाकसाळीपाशी उजवीकडे, चौकात उजवीकडे. गाडी फिरून फिरून पुन्हा स्टँडवर.

“कसलं गाव आखलंय भडव्यानं,” ते वैतागून म्हणायचे. “कुठनंबी जावा, घोडं आपलं स्टँडातच.”

“डावीकडे एक तळं आहे, तात्या. राणीचं तळं. तिकडे घ्या की.”

“हाय कुठं तळं?”

त्या सारख्या दोन बाजूंच्या शहरात तेवढं तळं काय ते एकाच बाजूला होतं. मी ते भडक निळं रंगवलं. एवढ्या निळ्या तळ्याला चौगुलेकाका नावं ठेवणार हे ठाऊक असून रंगवलं. तात्यांनी ते बघितलंच नाही.

आणखी एक गोष्ट होती. ते थांबे घ्यायचे, पण भर रस्त्यात. एसटी थांबते ती रस्त्याच्या डाव्या कडेला, कारण चढायचं-उतरायचं दार तिकडे असतं. तात्यांची गाडी बाजूला जायचीच नाही. उतरणारे रस्त्याच्या मधोमध उतरायचे आणि चढायला कुणी यायचंच नाही. माझ्या त्या म्हातारीला आणि सनईवाल्यांना मीच आत बसवलं होतं. दाराने कुणी आलं नव्हतं.

नकाशा पुरा झाला. चौगुलेकाका बघायला आले. नकाशापाशी उजवीकडे उभे राहून तात्यांशी चार शब्द बोलले, कारण त्यांना नियम ठाऊक नव्हता, आणि तात्यांनी त्यांना ओळखून चहाचा आग्रह केला. आई ते बघत राहिली.

“तळं जरा जास्त झालंय,” काका म्हणाले, “पण हॉटेलवाल्याला चालेल. उद्या संध्याकाळी टेम्पो पाठवतो.”

ते गेल्यावर आईने फळीवरची पिशवी काढली. दोन लुगडी घातली, फणी घातली, कुंकवाची डबी घातली.

“कुठं निघालीस?” मी विचारलं.

“उद्या भावाकडं जाती. चौगुले दिसत्यात, तू दिसतीस, भिताडावरचं कागूद दिसतंय. मी काय करू हितं बसून?”

“ह्यांचं कोण करणार?”

“तू हायस की. त्यास्नी वाटतंयच, तूच करतीयास.”

मी रडले. भांडले. बाईंना बोलावून आणते म्हणाले. ती रागात असती तर मला धीर आला असता, पण ती शांतपणे पिशवीचे बंद बांधत होती. आता ती एकदा गेली की परत येणार नाही, आणि तात्यांना ती गेल्याचं कधी कळणारसुद्धा नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. चुलीपाशी असेल, असंच ते म्हणत राहणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मी ताट फिरवून दिलं, तात्यांनी दुसरी अर्धी भाकरी खाल्ली. आई तोंड धुऊन, केस विंचरून, पिशवी घेऊन आली आणि तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली.

“जाती मी,” ती म्हणाली.

“कोण चाललंय गं, मंजे?” तात्यांनी भिंतीला विचारलं.

मी नकाशाकडे तोंड वळवलं. तेव्हा तात्यांना वाटलं, नकाशा जाणार म्हणून मी हिरमुसले आहे. “आगं, जाऊ दे की,” ते म्हणाले. “आजची शेवटची फेरी करू. बेल दे.”

मी बेल दिली. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. गाडी स्टँडवरून निघाली. बागेपाशी उजवीकडे वळली. सगळं झगझगीत दिसत होतं, रंग वाळून पक्के झाले होते, आणि त्या रिकाम्या रस्त्यावरून तात्या असे आरामात चालले होते की त्यांच्या सुखाचा मला पहिल्यांदाच संताप आला. टाकसाळीपाशी उजवीकडे. चौक आला.

“ओ डायवर!”

आईचा आवाज होता. गावच्या फाट्यावर उभं राहून मारावी तशी खणखणीत हाक.

“थांबवा गाडी. मला यायचंय.”

चादरीखाली तात्यांचा उजवा पाय दाबला गेला. गाडी थांबली. ब्रेक त्यांनी असा करकचून मारला की मीच पुढे झुकले.

“कोण हाय?” ते उजवीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

“पॅसेंजर.”

“दिसंना की.”

“दिसंल कसं? यष्टीचं दार कुठल्या अंगाला असतंय?”

हा प्रश्न आम्ही कुणी त्यांना विचारला नव्हता. डावा हात कुठला, डावीकडे काय दिसतंय, असं बाई रोज विचारायच्या, आणि ते काहीबाही सांगून मोकळे व्हायचे. पण गाडीचं दार कुठे असतं हे विचारलेलं त्यांना झोंबलं. स्टिअरिंगवरचा हात हलेना. कपाळावर आठी चढली.

“डावीकडं,” ते हळूच म्हणाले.

“मग बगा की दाराकडं! बाईमाणूस पिशवी घिऊन हुबं हाय, आन् तुमी आपलं भिताडासंगं बोलताय.”

मी त्यांची हनुवटी धरून वळवायला पुढे झाले. आईने नुसत्या डोळ्यांनी मला जागच्या जागी थांबवलं.

आधी त्यांचे डोळे हलले. राजरस्त्यापर्यंत आले आणि अडले. तिथे त्यांचं जग संपत होतं. मग ओठ आवळून त्यांनी तो रस्ता ओलांडला. डावीकडची बाग आली. डावीकडचा चौक आला. निळं तळं आलं, त्यावर ते क्षणभर थांबले. नकाशाची कड आली, तिच्यापुढची भिंत आली, खिडकी आली. आता मान वळू लागली होती. मानेची शीर ताठली होती आणि ओझं ओढणाऱ्या माणसासारखा घाम कानशिलावर आला होता. मग त्यांना पिशवी दिसली, पिशवी धरलेला हात दिसला, आणि त्या हातावरून वर चढत ते आईच्या तोंडापर्यंत पोचले.

“आगं,” तात्या म्हणाले. “तू कवाधरनं हुबी हायस हितं?”

आईचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. “लई येळ झाला,” ती म्हणाली.

“हाक मारायची न्हाई व्हय?”

त्यांची मान पुन्हा उजवीकडे घसरायला लागली. त्यांनी ती परत आणली. परत घसरली, परत आणली.

“आन् पिशवी?”

“भावाकडं निघाली हुती.”

“ह्या गाडीनं?”

“ह्या गाडीनं कशी जाईन?” ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून आले. “तुमी कवा घितलंय मला?”

ते खरं होतं. आईच्या माहेरचा रस्ता तात्यांच्याच फेरीवरचा होता. पण घरचं माणूस मागे बसलं की ड्रायव्हरचं अर्धं ध्यान मागेच राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी नोकरीभर पाळलं. तात्यांची गाडी फलाटाला उभी असली तरी आई ती जाऊ द्यायची आणि कडेवर मला घेऊन पुढच्या गाडीची वाट बघायची. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या गाडीत मिरवतात, असं ती कधी बोलली नव्हती. मलासुद्धा ती त्यात दुखावत असेल असं वाटलं नव्हतं. ड्रायव्हरच्या घरात हे असंच असतं, असं मी धरून चालले होते.

तात्या तिच्याकडे बघत होते. मान थरथरत होती, पण आता घसरत नव्हती.

“ये,” ते म्हणाले. “पायरी उंच हाय. जपून.”

आमच्या घरात पायरी नव्हती. खाटेपर्यंत सगळी सपाट फरशी होती. आईने पिशवी खाली ठेवली, एका हाताने निऱ्या जराशा वर धरल्या, दुसऱ्या हाताने खाटेचा दांडा धरला, आणि पाय चांगला उंच उचलून वर चढली. मग त्यांच्या डाव्या अंगाला बसली. ती नीट टेकेपर्यंत तात्यांनी गाडी हलवली नाही.